दस्ता नसलेली रायफल

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या त्या घरात राहायला गेलो त्या पहिल्याच सकाळी मी कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकायला घेतला. दोन ठोके पडले नाहीत तोच घरमालक जिना चढून वर आले. मला वाटलं, भिंत खराब होते म्हणून रागवायला आले असतील. घरमालकांचा तो जन्मसिद्ध हक्कच असतो. पण ते भिंतीबद्दल काहीच बोलले नाहीत.

"पलीकडं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मले काय माहीत काकाजी. शेजाऱ्यायची खोली असन."

"त्या खोलीत या भिंतीले कोणाचं डोकं टेकलं आहे का?"

मी हातोडी खाली केली.

"पाहून या," ते म्हणाले, "मंग ठोका."

गेलो. दुसरं काय करणार, डिपॉझिट देऊन झालं होतं. शेजारी खरंच भिंतीला लागून पलंग होता आणि त्यावर एक आजी टेकून लसूण सोलत बसल्या होत्या. माझा खिळा बोटाच्या पेराएवढा, भिंत नऊ इंचांची. तो खिळा त्या आजींपर्यंत पोचायला सात जन्म लागले असते. तरीही परत येऊन मी तो दुसऱ्या भिंतीत ठोकला. माणूस चक्रम आहे, असा शिक्का मी त्याच दिवशी मारला, आणि तो पुसायला मला पुढची तीन वर्षं लागली.

काकाजी पोलीस खात्यातून आर्मरर म्हणून निवृत्त झाले होते. आर्मरर म्हणजे बंदुका उघडून, साफ करून, दुरुस्त करून पुन्हा जोडणारा माणूस. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. घरात काकाजी, एक लोखंडी कपाट, आणि ओसरीवर एक लाकडी आरामखुर्ची. त्या खुर्चीत ते स्वतः कधी बसत नसत. आला-गेला बसायला लागला तर "तिकडं बसा, सतरंजीवर" म्हणत. ती खुर्ची कोणासाठी राखून ठेवली आहे, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

निवृत्त झाले तरी लोक त्यांना सोडत नव्हते. उमरेड, कुही, भिवापूर, काटोलकडून माणसं मोटारसायकलवर येत आणि ओसरीवर बसत. सगळ्यांचा प्रश्न एकच, बंदूक कोणत्या बोअरची, म्हणजे केवढ्या भोकाच्या नळीची घ्यावी? शिकार तर केव्हाच बंद झालेली. पण रानडुकरं उभं पीक लोळवतात, त्यांच्यासाठी वनखात्याची परवानगी रीतसर मिळू शकते, आणि परवान्याच्या अर्जात हत्यार कोणतं आणि बोअर कोणता ते लिहावं लागतं. तिथं लोक अडत. कोणी म्हणे थ्री-फिफ्टीन रायफल घ्या, कोणी म्हणे थर्टी-ओ-सिक्स, कोणी म्हणे बारा बोअरची साधी बंदूक पुरे. मग कोणीतरी म्हणे, सक्करदऱ्याच्या काकाजींना विचारा.

काकाजी त्यांना जनावराबद्दल काहीच विचारत नसत. डुक्कर केवढं, किती येतात, कधी येतात, हे माणूस तावातावानं सांगत असायचा आणि ते पान चघळत ऐकायचे. त्याचं संपलं की एकच प्रश्न असायचा.

"गोळी थांबन कोठं?"

"डुकरात थांबन ना काकाजी."

"अन् नाई थांबली तं?"

बहुतेकांची गाडी इथं रुळावरून घसरे. मग काकाजी त्याला एक कोरा कागद देत आणि आपल्या शेताचा नकाशा काढायला लावत. आपलं शेत सगळ्यांनाच काढता येई. काकाजी म्हणत, "हे झालं तुमचं. आता पलीकडचं काढा. त्याच्या पलीकडचं बी काढा. सकाळी तिकडून कोण येते, कोण जाते, ते लिवा." अर्धे लोक कागद खिशात घालून जात आणि परत येत नसत. दुकानदार मंडळी त्यांच्यावर खार खाऊन होती. आलेलं गिऱ्हाईक हा बुढा पळवून लावतो, असं ती उघड म्हणत.

एकदा शहराबाहेर बेशाला बंगला बांधलेले एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांना निशाणेबाजीचा छंद लागला होता आणि सगळ्यांत मोठी रायफल हवी होती. काकाजींनी त्यांना चहा पाजला.

"कागदावरच मारणार ना साहेब?"

"हो, सध्या टार्गेटच."

"मग टू-टू पुष्कळ झाली. कागद काई उलटून अंगावर येत नाई."

गृहस्थ जरा दुखावले. क्लबातल्या सगळ्यांकडे मोठी आहे म्हणाले. काकाजी म्हणाले, "मोठ्या घरची आहे म्हणून पोरगी करू नये अन् मोठी आहे म्हणून रायफल घेऊ नये. दोघी बी मंग आपल्याच खांद्यावर बसतात." टू-टू म्हणजे बारीक बोअरची, शिकाऊ लोकांची रायफल. काकाजींचं तिच्यावर प्रेम होतं. रविवारी सकाळी ते ती घेऊन एका रायफल क्लबच्या मैदानावर नव्या लोकांना शिकवायला जात.

मीही एकदा हौसेनं गेलो. वाटलं, नेम धरून पाच-दहा गोळ्या झाडू, फोटो काढून घरी पाठवू. काकाजींनी माझ्या हातात खुरपं दिलं. टार्गेटच्या मागं गोळ्या अडवायला मातीचा उंच ढिगारा घातलेला असतो. त्या ढिगाऱ्यात रुतलेल्या गोळ्या खणून काढायच्या, हा पहिल्या दिवसाचा धडा. माझ्याबरोबर एक डॉक्टर होते, दोन कॉलेजच्या मुली होत्या. सगळे उन्हात माती उकरत होतो. एक चपटं झालेलं शिसं माझ्या हाती लागलं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. ते सापडलं तेव्हा माझा हात मनगटाच्या वर मातीत गेला होता.

"एवढुशी," काकाजी म्हणाले, "अन् एवढी आत. हे सगळ्यात लहान बोअरचं काम आहे. ध्यानात ठेवा."

त्या दिवशी मला एकही गोळी झाडायला मिळाली नाही. मी चिडून घरी आलो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र काकाजी क्लबात जात नसत. त्या दिवशी त्यांच्याकडे एक पाहुणे येत. काकाजींच्या सासुरवाडीच्या गावचे होते, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणायला लागलो. काकाजींच्याच वयाचे, वाळके, पांढरं धोतर, आणि उजवा पाय आखडलेला. बसमधून उतरून बांबूच्या काठीवर भार देत ते गल्लीतून येत, तेव्हा काकाजी फाटकाशी जाऊन उभे असत. मामाजी त्या आरामखुर्चीत बसत आणि काकाजी खाली सतरंजीवर. काकाजी पहाटेपासून पाटोड्यांचा रस्सा करण्यात गुंतलेले असायचे. एरवी खिचडीवर दिवस काढणारा हा माणूस त्या दिवशी सासू यायची असल्यासारखा घाबरलेला असायचा. मीठ बरोबर आहे का, हे मला दोनदा चाखायला लावायचे.

मामाजी पिशवीतून शेतातलं काहीबाही आणत, आणि एका बाटलीत घाण्याचं जवसाचं तेल. जेवणं झाली की काकाजी ती बाटली घेऊन बसत. मामाजींच्या काठीला वर गडद तपकिरी लाकडाची मूठ होती, हाताला घट्ट बसेल अशी कोरलेली. काकाजी फडक्यावर तेलाचे दोन थेंब घेऊन त्या मुठीला चोळत राहत, चांगला अर्धा तास. मामाजी तोवर खुर्चीत डुलकी काढत. दोघं बोलत फार कमी. मी जिन्यात बसून पाहायचो आणि मनात म्हणायचो, म्हाताऱ्यांना काय, एकेकाचं एकेक वेड.

आता माझ्या दादाचं सांगतो.

कुही तालुक्यात आमचं शेत आहे, ते माझा मोठा भाऊ पाहतो. त्या वर्षी डुकरांनी तुरीचे तास उलटेपालटे केले आणि दादानं परवान्याचा अर्ज करायचं ठरवलं. माझ्या घरमालकाचं नाव त्याच्याही कानावर गेलं होतं. तेव्हा मी मिहानमधल्या एका गोदामात कामाला होतो. सुट्टीचा दिवस धरून काकाजींना गावी घेऊन गेलो. मला वाटलं, तासाभरात काम होईल.

काकाजी दिवसभर त्या वावरात होते. जिथून दादा डुकरावर नेम धरणार होता त्या प्रत्येक जागी ते सत्तरीचं अंग घेऊन पालथे पडले आणि समोर पाहत राहिले. दादाला काठीला लाल फडकं बांधून तुरीत उभं केलं, मग तुरीच्या पलीकडे, मग धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्याही पलीकडे. सपाट जमीन, कुठं टेकाड नाही, ढिगारा नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पल्याडच्या वावरात सकाळी कोण असते?"

"कापूस वेचाले बाया येतात," दादा म्हणाला.

"किती वाजता?"

"उजाडता उजाडता."

"अन् डुकरं परततात केव्हा?"

"तेव्हाच," तो म्हणाला.

काकाजींनी निकाल दिला. रायफल नको. बारा बोअरची बंदूक घ्या, तिचे छर्रे लवकर दम सोडतात. आणि तीही जमिनीवर उभं राहून चालवायची नाही. मचाण बांधा, वरून खाली मारा, म्हणजे चुकलं तरी गोळी आपल्याच मातीत जाते.

दादाला हा अपमान वाटला. त्याच्या साळ्याकडे थ्री-फिफ्टीन होती आणि सासरी तिच्या गोष्टी चालत. "बारा बोअर तं तितर-बटेर मारायची," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "झाडावर बसून मारू का मी, माकडासारखा? मी तं थ्री-फिफ्टीनच लिवतो. तुमच्या बुढ्याले भेव लागते, माह्या अंगात दम आहे." तो जरा मोठ्यानंच बोलला. काकाजींनी ऐकलं असणार. सक्करदऱ्याला उतरल्यावर म्हणाले, "तुमच्या भावाले पहिल्या रविवारी जेवाले बोलवा. अर्ज देऊ नका म्हणा तोवर."

दादा आला, तो अर्ज खिशात घेऊनच. फक्त सही बाकी होती. पाटोड्यांचा रस्सा झाला, पानं उचलली. मामाजी आरामखुर्चीत, आम्ही तिघं सतरंजीवर. जवसाच्या तेलाची बाटली त्या दिवशी काकाजींनी उघडली नाही.

"भाऊ," ते मामाजींना म्हणाले, "ह्याले सांगा, त्या दिवशी तुमी कोठं होते."

मामाजींचा चेहरा आक्रसला. "जुनं काहून उकरता जवाई?"

"सांगा."

मामाजींनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी कोठं असणार? आपल्या हरभऱ्यात होतो. जवाई होते तिथून दोन वावरं पल्याड."

"डुक्कर दिसत होतं तुमाले?"

"डुक्कर कायचं, जवाई बी दिसत नोते. धुकं होतं."

"आवाज?"

"आधी पाय गेला," मामाजी म्हणाले. "आवाज मंग आला."

दादानं हळूच विचारलं, "नेम चुकला होता का काकाजी?"

"नाई," काकाजी म्हणाले. "डुक्कर जागेवर पडलं. असा नेम मी आयुष्यात दुसरा धरला नाई. गोळी त्याच्या आरपार गेली अन् पुढं चालत राहिली."

मग ते बोलत गेले. माझ्याकडे किंवा दादाकडे न पाहता, समोरच्या फाटकाकडे पाहत. तिशीतले होते. गावकऱ्यांनी बोलावलं, त्यात मामाजीही होते, कारण डुकरं त्यांच्याच हरभऱ्यात लोळायची. काकाजींकडे जुनी बारा बोअर होती. पण सासुरवाडीचं गाव, सगळे पाहणार, म्हणून परवान्यावर नवी थ्री-फिफ्टीन घेतली. खात्यात नेमबाजीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "बारा वर्षं रेंजवर गोळ्या मारल्या," ते म्हणाले. "मागं मातीचा ढिगारा असतेच. मी समोरचं पाहाले शिकलो. ढिगारा आपल्यासोबत वावरात येत नाई, हे माह्या ध्यानातच नोतं."

"गावात दवंडी देल्ली होती ना," मामाजी घाईनं म्हणाले. "मीच ऐकलं नाई. बयानात तसंच लिवलं आहे."

"दवंडी झाली नोती," काकाजी म्हणाले. "ती मी द्यायची होती. भाऊनं खोटं बयान देल्लं, म्हणून माही नोकरी राह्यली, पेन्शन राह्यली. हे घर त्याच्यावरच उभं आहे. इतक्या वर्षांत मी हे कोणाले बोललो नाई. आज बोलून राहिलो, कारण तुमच्या पल्याडच्या वावरात बाया कापूस वेचतात."

मामाजी रागावले होते, खरोखर रागावले होते. "मी पोलिसाले एक सांगितलं, इतकी वर्षं तेच धरून राह्यलो," ते म्हणाले, "अन् तुमी असं एका घासात..." मला तेव्हा पहिल्यांदा काकाजींची आणि त्यांची, दोघांचीही इतकी कीव आली की मी उठून आत जाऊन पाणी आणलं, कोणी मागितलेलं नसताना.

दादाच्या तोंडून एवढंच निघालं, "ती रायफल?"

काकाजींनी लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात टू-टू होती, खोळीत घातलेली. खाली एका जुन्या चादरीत थ्री-फिफ्टीन. चादर सोडली तर आत नुसतं लोखंड. नळी आणि कळ. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता नव्हताच.

"इकून काहून नाई टाकली?" दादानं विचारलं.

"इकाले काढली होती. आमच्या घरची म्हणाली, इकाल तं सुटाल. सुटू नका." काकाजींनी चादर पुन्हा गुंडाळली. "मंग नाई इकली."

"अन् दस्ता?"

"कामी आला," ते म्हणाले आणि कपाट बंद केलं.

दादा संध्याकाळच्या बसनं गेला. त्याच्या खिशातल्या अर्जाचं काय झालं ते मी विचारलं नाही. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "काकाजीले म्हणा, मचाण कोण्या झाडावर बांधू ते दाखवाले या." काकाजी गेले, आणि झाड दाखवून आले. दादा आजही त्या मचाणावर बसतो. साळा त्याला हसतो, तोही हसून घेतो.

मामाजींचा राग दोन महिने टिकला. दोन पहिले रविवार काकाजी फाटकाशी उभे राहून, रस्सा झाकून ठेवून, संध्याकाळी मला वाढत राहिले. तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी काठीचा आवाज गल्लीत आला. काकाजी फाटक उघडायचं विसरून तसेच उभे राहिले. मामाजीच म्हणाले, "उघडता का जवाई, का जाऊ वापस?"

गेल्या थंडीत काकाजी गेले. झोपेत गेले. ज्यांना लोक बंदुकीसाठी शोधत येत, त्यांच्या मौतीला सगळ्यांत जास्त गर्दी क्लबातल्या, माती उकरलेल्या लोकांची होती. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून हत्यारं जमा करायची होती. हैदराबादहून आलेली त्यांची मुलगी मला म्हणाली, "तुम्ही सोबत चला." निघताना मामाजी जिन्याखाली बसलेले दिसले. तेही उठले. त्यांना कोणी नको म्हणालं नाही.

पोलीस ठाण्यात मालखाना सांभाळणारे एक जमादार होते, शांत माणूस. टू-टूची नोंद पटकन झाली. मग त्यांनी चादर सोडली.

"बोअर?"

"थ्री-फिफ्टीन," मी म्हणालो.

"चालू स्थितीत आहे का?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. काकाजींनी ती कधी झाडलेली मी पाहिली नव्हती.

"चालू आहे," मामाजी मागून म्हणाले. "चांगली चालते."

जमादारांनी रायफल उलटसुलट करून पाहिली. "हिचा दस्ता कुठं आहे? परवान्यावर तर पूर्ण रायफल आहे."

मुलगी म्हणाली, लहानपणापासून ती अशीच पाहत आली आहे. जमादार म्हणाले, हरकत नाही, तसं लिहून घेतो. त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात मामाजी पुढं आले आणि त्यांनी आपली काठी टेबलावर आडवी ठेवली.

"हा घ्या," ते म्हणाले.

जमादारांना काही कळलं नाही. मला कळलं. त्या तपकिरी मुठीवर इतक्या वर्षांचं जवसाचं तेल मुरलेलं होतं. मामाजींसाठी काकाजींनीच नव्या रायफलीचा दस्ता कापला होता आणि त्यातून ही मूठ कोरली होती. मुलीलाही तेव्हाच कळलं असावं. तिनं तोंडाला पदर लावला.

"आजोबा, ठेवा तुमची काठी," जमादार म्हणाले. "दस्ता नाही असं लिहितो मी. चालतं."

"नाई साहेब," मामाजी म्हणाले. टेबलाची कड धरून ते एका पायावर उभे होते. "पुरी लिवा. पुरी जमा करा. आता सुटू द्या आमच्या जवायाले."

जमादारांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं, मग काठीकडे. मग कोणाला तरी हाक मारून पेचकस मागवला. मुठीला दोनच स्क्रू होते. ते निघाले तेव्हा कुरकुर झाली नाही. काकाजींनी तिथंही तेल सोडलेलं असणार. मूठ आणि नळी एकत्र ठेवून जमादारांनी सुतळी बांधली, चिठ्ठी लावली, आणि उरलेला बांबू दोन्ही हातांनी मामाजींना परत दिला.

ठाण्याच्या बाहेर तीन पायऱ्या होत्या. मामाजींनी बांबू बगलेत धरला आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. तो हात वजनदार होता. एकेक पायरी करत आम्ही खाली उतरलो.